दहा दिवसांचं आडनाव

आमच्या वर्गात अकरा म्हात्रे होतो. सात मुलगे, चार मुली. हजेरी घेताना बाई 'म्हात्रे' म्हणाल्या की कुणाचं पुढचं नाव ऐकायच्या आतच चार-पाच जण 'हजर' म्हणून मोकळे व्हायचे, आणि त्या गोंधळात खाडीच्या चिखलात निवट्या मासळी पकडायला गेलेलाही हजर लागायचा. शाळा डोंबिवलीत होती. आम्ही खाडीकाठच्या गावांतून चालत जायचो. शहरातल्या मुलांची आडनावं नाना तऱ्हेची असायची. आमच्याकडे पाच-सहा आडनावांत सगळी खाडी भागायची: म्हात्रे, पाटील, भोईर, केणी, ठाकूर. म्हणून आमच्या गावात आडनावानं कुणाला हाक मारायची सोय नव्हती.

शहरातली मुलं मला 'म्हातारी' म्हणायची. सहावीत असताना एकाच्या डोक्यात मी कंपासपेटी घातली. खोक पडली. मराठीच्या सरांनी आम्हा दोघांना फळ्यापाशी उभं केलं, आधी मला दोन पट्ट्या दिल्या आणि मग त्याला. सर मूळचे पुण्याकडचे, बोलताना एकही शब्द अर्धा सोडत नसत. पट्ट्या देऊन झाल्यावर ते म्हणाले की चिडवणाऱ्यानं चूक काही म्हटलेलं नाही, फक्त त्याला अर्थ ठाऊक नाही. मग त्यांनी फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द लिहिले: महत्तर, म्हातर, म्हात्रे. महत्तर म्हणजे गावातला मोठा, जाणता. राजा एखाद्या गावाला जमीन द्यायचा तेव्हा त्या ताम्रपटावर साक्षीला गावचे महत्तर असायचे. म्हातारा हा शब्दही बहुधा त्याच घरचा, असं त्यांनी सांगितलं. गावात दोन जण भांडले की निवाड्याला ज्याच्याकडे जायचे तो हा माणूस.

मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं. ते अंगणात जाळ्याची भोकं शिवत बसले होते. 'जाणता' हा शब्द त्यांनी स्वतःशी दोनदा म्हणून पाहिला आणि पुन्हा सुई घातली. खोक पाडल्याबद्दल मला मार बसायचा तो राहून गेला.

बाबांना तो शब्द का आवडला ते मला पुढे कळलं. दिवसा ते मानपाड्याच्या एका कारखान्यात कामाला असायचे, कारण खाडीत मासळी उरली नव्हती, आणि भरती-ओहोटी साधेल तेव्हा होडी काढायचे. पण गावात त्यांची ओळख वेगळीच होती. कुणाचं सुतक कुणाला आणि किती दिवस, हे सगळ्या खाडीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कुठं कुणी गेलं की सकाळी माणूस आमच्या दारात. दहा का तीन, एवढंच विचारायला. बाबा डोळे मिटायचे, मेलेल्या माणसाच्या आजापणजापर्यंत मागे जायचे आणि सांगायचे. भाऊबंदाला दहा. लग्न झालेल्या लेकीला तीन. मामाला, सासऱ्याला त्याच्या त्याच्या हिशेबानं. कागदावर काही नव्हतं. बाबांनी सांगितलं की त्या घरातली फोडणी बंद व्हायची आणि दहा दिवस त्या घरातून लसणाचा वास येत नसे.

सुतकाच्या घरात तेल तापवायचं नाही, मासळी आणायची नाही. भात आणि बिनफोडणीचं वरण, बस्स. एरवी आमच्या गावात जेवणाच्या वेळी प्रत्येक घरातून ठेचलेल्या लसणाची फोडणी रस्त्यावर यायची. ज्या घरातून ती आली नाही त्या घरात कुणी तरी गेलं आहे, हे सांगावं लागत नव्हतं. मला लहानपणी ते सगळं कंटाळवाणं वाटायचं. ज्याला आपण कधी पाहिलंही नाही अशा कुठल्या तरी गावच्या म्हाताऱ्यासाठी दहा दिवस अळणी जेवायचं, यात मला काही शहाणपण दिसत नसे. मी कुरकुरले की बाबा म्हणायचे, रक्त कुठवर पोचलंय ते ताटात कळतं.

आम्हाला भाऊ नव्हता. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती बारावी करून मानपाड्यालाच एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. तिथं एक फिटर होता. ठाण्याचा, माजिवड्याच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातला, आणि डोंबिवलीत मावशीकडे राहून कामावर यायचा. दोन वर्षं त्या दोघांनी कुणाला सुगावा लागू दिला नाही. मग एका रविवारी ताईनं मासे साफ करता करता आईला सांगितलं, आणि आईनं बाबांना.

बाबांनी मुलगा काय करतो, पगार किती, व्यसन आहे का, असलं काही विचारलं नाही. कुणातले, एवढंच विचारलं. ताई म्हणाली, म्हात्रे.

मला आठवतं, बाबा हसले. पोरीची गंमत वाटावी तसे हसले. मग ताईचा चेहरा पाहून थांबले. म्हणाले, म्हात्र्यांची पोरगी म्हात्र्यांकडे देत नाहीत, ते भाऊबंद, तो तुझा भाऊ लागतो. आणि त्यांनी आम्हाला पुन्हा एकदा सात भावांची गोष्ट सांगितली. ती आम्ही शंभरदा ऐकलेली होती. सात भाऊ एका होडीतून भरतीबरोबर खाडीत शिरले, आणि जिथं जिथं पाणी ओसरलं तिथं एकेक उतरला. एक आमच्या गावात, एक पलीकडे, एक पार ठाण्याच्या अंगाला. खाडीवरचे सगळे म्हात्रे त्या होडीतले. ताईनं विचारलं की होडीत म्हात्रेच होते कशावरून, भोईर का नव्हते. आई मधे पडून म्हणाली की कुलदैवत तरी विचारून घ्या, पण त्यात काय निघणार होतं. खाडीवरच्या सगळ्यांचीच आई कार्ल्याच्या डोंगरावर. म्हात्र्यांची तीच, भोईरांची तीच.

तो मुलगा एकदा घरी आला. कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःच आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात सफरचंदांची पिशवी. अंगणात बाबांसमोर उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात त्यानं सगळं घालवलं. म्हणाला, "काका, मी तुमच्याशी बोलायला आलोय."

शहरात प्रत्येक मोठा माणूस काका असतो. रिक्षावालाही काका आणि बँकेतला शिपाईही काका. पण आमच्यात मामाची पोरगी करतात, काकाची नाही. काकाची पोरगी म्हणजे बहीण. तो कारखान्यात आणि शहरात वावरणारा, सवयीनं बोलून गेला. बाबांनी तो शब्द अलगद उचलला. त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आईला सांगितलं की पुतण्या आलाय, जिताड्याचं कालवण आहे ना, जेवायला वाढ. आणि खरंच वाढायला लावलं. तो मुलगा मान खाली घालून जेवला. बाबा त्याला आग्रह करत होते, आणखी घे पुतण्या, लाजू नकोस, घर तुझंच आहे. ताई आतल्या खोलीत दाराला पाठ लावून बसली होती. अपमान करून हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला बाबांचा राग आला आणि तो बरेच दिवस टिकला.

माझी दहावी झाली होती. मी मराठीच्या सरांकडे गेले. सगळं सांगितलं. सर म्हणाले की ते भाषेचे मास्तर आहेत, लग्नं जुळवणं त्यांचं काम नव्हे. मी म्हटलं, शब्दावरून अडलंय म्हणून तुमच्याकडे आले. पुढच्या रविवारी ते चालत आमच्या गावात आले. अंगणात सुकट वाळत घातलेली होती, तिच्या वासानं त्यांनी रुमाल काढला आणि आमच्याकडे पाहून परत खिशात ठेवला. आईनं त्यांना नव्या पेल्यातून चहा दिला.

सरांनी बाबांना फळ्यावरचं सगळं पुन्हा सांगितलं. मग म्हणाले, "हे रक्ताचं नाव नाही, कामाचं नाव आहे. प्रत्येक शाळेला हेडमास्तर असतो, म्हणून सगळे हेडमास्तर काही सख्खे भाऊ होत नाहीत. जितकी गावं, तितके महत्तर." ते असंही म्हणाले की म्हात्रे आगऱ्यांत आहेत, कोळ्यांत आहेत, वसईकडे आणखी कुणाकुणात आहेत, उरणपासून भिवंडीपर्यंत पसरले आहेत. एका होडीत किती मावतील?

बाबा हात जोडून ऐकत होते. मास्तरांबद्दल त्यांना खरा आदर होता. सर थांबल्यावर ते म्हणाले, "मास्तर, तुमचां बरोबर आसंल. पन पुस्तकानला म्हातारा मेला त आमाला सुतक येत नाय. ज्याचां सुतक येतां, तो आपला."

सरांनी पेला खाली ठेवला. मला वाटतं, त्यांना ते उत्तर पटलं असावं. पण मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. मी तिथंच, सरांच्या देखत, विचारलं की मग त्या मुलाच्या गावाचं सुतक आजवर आपल्या घरात कधी आलंय ते सांगा. एकदा तरी. तुमच्या लक्षात नाही असं होणार नाही.

बाबांनी डोळे मिटले, माणसं विचारायला यायची तेव्हा मिटायचे तसे. आईनं चहाचे पेले उचलले. शेवटी ते म्हणाले की नाही आलं. मग लगेच म्हणाले की निरोप तुटला असेल. पूर्वी निरोप होडीनं जायचा, सगळीकडे पोचायचा. रस्ते झाले, होड्या बसल्या, माणसं कारखान्यात गेली, तेव्हापासून निरोप वाटेत राहतात. पण पुढे कधी आला तर आपण धरू, आणि आपण धरलं की मग विषय संपला. नाही धरलं, तर मी माझ्या हातानं पोरगी देईन.

असं ते ठरलं. मीच ठरवून घेतलं म्हणायचं. त्या मुलाचा आजा नव्वदीला टेकलेला, अंथरुणाला खिळलेला होता. त्यांच्या गावचा सगळ्यात मोठा माणूस. आता ताईचं लग्न त्या आजाच्या मरणावर येऊन थांबलं. तो गेला की आमच्या घरात फोडणी पडते की नाही, एवढ्यावर. मी हे ताईला जिंकल्यासारखं सांगायला गेले तर ती माझ्यावर उसळली. म्हणाली, "मी कुणाच्या मरणावर टपून बसलेली नाही. जगू दे त्यांना शंभर वर्षं."

ते दीड वर्ष जगले. त्या दीड वर्षात ताईला दोन स्थळं आली, दोन्ही तिनं परत पाठवली. ती कामावर जायची, यायची, पगार आईच्या हातात द्यायची. बाबांशी बोलणं तिनं कधी सोडलं नाही, मी सोडलं होतं. दर शनिवारी ती मारुतीला जायची. एकदा मी विचारलं काय मागतेस, तर म्हणाली, आजा बरा होऊ दे. मला ते खोटं वाटलं होतं. आता वाटत नाही.

एका सकाळी दोन तरुण मोटरसायकलवरून आले. त्या मुलाचे चुलतभाऊ होते. दारातूनच म्हणाले, आजा गेला, दुपारी माती आहे. बाबा कामावर निघाले होते, डबा हातात होता. त्यांनी तो आईकडे दिला आणि विचारलं, निरोप कसला?

ते दोघे एकमेकांकडे बघायला लागले. भाऊबंदांना जो निरोप जातो त्यात 'धरा' असं म्हणतात. सोयऱ्यांना जातो त्यात फक्त 'या' म्हणतात. त्या पोरांना हे ठाऊकच नव्हतं. एक जण म्हणाला, "निरोप म्हंजे काय काका, आजा गेला ना." दुसरा म्हणाला, दुपारी दोन वाजता. आणि त्यांना अजून चार गावं करायची होती, ते गेले. ज्या निरोपाची दीड वर्ष वाट पाहिली तो आला, आणि त्याच्यातून काहीच कळलं नाही.

बाबा धोतर नेसले, टोपी घातली आणि गेले. ताई कामावर गेली नाही. आईनं सकाळीच बोय मासळी घेतली होती. ती साफ करून, मीठ-हळद लावून पातेल्यात ठेवली आणि वर झाकण घातलं. स्टोव्ह पेटवला नाही. दुपार झाली, आम्ही तिघी जेवलो नाही. ताई उंबऱ्यात बसून होती. मी तिला काही बोलायला गेले की ती हातानंच नको म्हणायची.

तिकडे काय झालं ते मला पुढे ताईच्या नवऱ्यानं सांगितलं. तिरडी उचलायच्या वेळी त्यांच्यातल्या एका वयस्कर माणसानं हाक दिली, भाऊबंद पुढे या. माणसं पुढे झाली. त्या माणसाला बाबांचं नाव ठाऊक होतं, खाडीवर कुणाला नव्हतं. त्यानं मानानं बोलावलं, तुम्ही म्हात्रे, या तुम्ही पण, खांदा द्या. सगळे बघत होते. बाबा पाऊलभर पुढे सरकले. मग थांबले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि मागे जाऊन सोयऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. त्या वयस्कर माणसाला वाईट वाटलं असावं, त्यानं मान फिरवली. परत निघताना हा मुलगा त्यांच्या जवळ गेला आणि या वेळी त्यानं चूक केली नाही. मामा, सावकाश जा, एवढंच म्हणाला.

उन्हं कलली तेव्हा बाबा परत आले. अंगणातच बसले. आईनं डोक्यावरून पाणी घातलं. मातीहून आलं की सगळेच आंघोळ करतात, त्यावरून काही कळत नाही. ते ओल्या अंगानं खाटेवर बसून राहिले. ताई उंबऱ्यातून उठली नाही, तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. शेवटी आईनंच विचारलं. तिला दुसरं काही विचारता येत नव्हतं, म्हणून तिनं रोजचं विचारलं, जेवणाचं काय करू?

बाबा म्हणाले, "मी सोयऱ्यांन उबा व्हतो." मग थोडं थांबून, "फोरनी घाल."

आई आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. लसूण ठेचल्याचा आवाज आला. तेलात लसूण पडला तो चर्र आवाज मी जन्मभर ऐकला आहे, रोज ऐकला आहे, पण त्या दिवशीसारखा नाही. वास अंगणात आला, अंगणातून रस्त्यावर गेला. शेजारची काकू दारात येऊन उभी राहिली. बाबा कुणाच्या मातीला गेले होते ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं नुसता वास घेतला आणि गेली. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं की म्हात्र्यानं म्हात्र्यांचं सुतक धरलं नाही. ताई उंबऱ्यात बसून तोंडावर पदर घेऊन रडत होती. बाबा तिच्याजवळून आत गेले, जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी त्या दिवशी बाबांशी पुन्हा बोलायला लागले. ताटं मांडली, कालवण वाढलं. बाबांनी कालवण नको म्हणून हातानं ताट झाकलं. नुसता भात घेतला, वर मीठ. आई म्हणाली, काय झालं. ते म्हणाले, पोट बिघडलंय.

दुसऱ्या दिवशीही पोट बिघडलेलं होतं. तिसऱ्या दिवशीही. कारखान्याच्या डब्यातही त्यांनी नुसता भातच नेला. आईला काही कळलं की नाही, तिनं कधी सांगितलं नाही. मला सहाव्या दिवशी कळलं, आणि मग मी मोजायला लागले. दहाव्या दिवशी सकाळी ते खाडीवर जाऊन आंघोळ करून आले. दुपारी आईनं तळलेली बोय त्यांच्या ताटात वाढली आणि त्यांनी ती काहीही न बोलता खाल्ली. त्यांच्या लेखी तो म्हातारा त्यांचाच होता. सात भावांच्या होडीतला. शंभर माणसांदेखत त्यांनी त्याला परका म्हटलं आणि घरात बसून त्याचं सुतक पाळलं, कुणाला न सांगता. मी हे कुणालाच सांगितलं नाही. ताईलाही नाही. लग्न ठरलेल्या पोरीला असलं काही सांगू नये एवढी अक्कल मला होती.

लग्नपत्रिका डोंबिवलीत छापायला दिली. छापखान्यातला माणूस शहाणा निघाला. दोन्हीकडे म्हात्रे बघून त्याला वाटलं लिहिणाऱ्याची चूक झाली, आणि त्यानं आपल्या मनानं मुलाकडच्यांना पाटील करून टाकलं. बाबा स्वतः जाऊन ते दुरुस्त करून आले. आई म्हणाली असू द्या की पाटील, तोंडं तरी बंद राहतील. ते म्हणाले, म्हात्रेच छापायचं, दोन्हीकडं.

तोंडं बंद राहिली नाहीत. त्या लग्नानंतर आमच्या दारात सुतक विचारायला कुणी येईना. पलीकडच्या आळीतला एक जण तो मान घेऊन बसला. तो चुकीचं सांगायचा, बाबांना कळायचं, पण कुणी विचारलंच नाही तर सांगणार कुणाला. त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. जाळं शिवता शिवता कधी कधी डोळे मिटून बसायचे, तेव्हा मला वाटायचं की कुणी तरी मेलंय आणि बाबा त्याच्या आजापणजापर्यंत एकटेच जाऊन येताहेत.

ताई म्हात्रे होती ती म्हात्रेच राहिली. रेशनकार्डावर तिचं नाव एका गावातून दुसऱ्या गावात गेलं, आडनाव जागचं हललं नाही. माझं लग्न पाच वर्षांनी झालं. वर्तकनगरच्या एका कॉलनीत राहणारं घर, आडनाव वेगळं, माणसं चांगली. ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहायला निघाले तेव्हा मी म्हटलं, पुढचं नाव राहू द्या, मागचं बदललं तेवढं पुरे. सासूबाई हसल्या. खरं सांगायचं तर म्हात्रे गेलं त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. अकरांतली एक असण्याचा कंटाळा आला होता, आणि म्हातारी म्हणून कुणी चिडवणार नव्हतं.

बाबा गेले ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी. छातीचं दुखणं होतं, महिनाभर पुरलं. चुलतभावानं अग्नी दिला. आम्ही दोघी बहिणी माहेरी सुतकात बसलो. घर गच्च भरलेलं आणि चूल थंड. दुसऱ्या दिवशी दुपारी, माणसं जरा पांगली तेव्हा, मी ताईला ते दहा दिवस सांगितले. नुसता भात, वर मीठ, पोट बिघडलंय. ती ऐकून घेत राहिली. भिंतीवर बाबांचं जाळं टांगलेलं होतं, तिकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी आत्या आली, बाबांची थोरली बहीण. म्हणाली, पोरींनो, आंघोळी करा, आपापल्या घरी जा. लेकींचे तीन दिवस झाले. हा नियम बाबांनीच गावाला वर्षानुवर्षं सांगितलेला. मी उठले. ताई उठली नाही.

आत्यानं पुन्हा सांगितलं. ताई म्हणाली, "मी म्हात्रे हाय. म्हात्र्यांना दहा."

आत्या म्हणाली की ती म्हात्रे आहे ती सासरकडची, या घरची नव्हे. ताई म्हणाली की बाबा म्हणायचे ती एकच होडी. बाबांनी तिच्यासाठी तोंडानं त्यांना परकं म्हटलं, पण कधी तसं मानलं नाही. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. ती आईकडे वळली. आई कोपऱ्यात भिंतीला टेकून होती, तीन दिवसांत ती दहा शब्द बोलली नसेल. ती म्हणाली, बसू दे तिला.

ताईच्या सासरी निरोप गेला. तिथून दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी डबा येऊ लागला, भात आणि बिनफोडणीचं वरण. तिचा नवरा स्वतः घेऊन यायचा. असं मला नंतर कळलं, कारण मी तिथं नव्हते. मी आंघोळ केली होती आणि वर्तकनगरला परत आले होते. माझ्याकडे म्हणायला काही नव्हतं. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते की मी म्हात्रे आहे? तीन दिवस संपले तसं बाबांचं माझ्याकडून संपलं होतं, त्यांच्याच नियमानं. जन्मात पहिल्यांदा मला ते आडनाव परत हवं होतं.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी मायेनं विचारलं, बरं वाटत असेल तर आमटीला फोडणी घालशील का. त्यांचं काही चुकलं नव्हतं, माझे दिवस झाले होते. मी तेल तापवलं, मोहरी टाकली, हिंग टाकला. आमटी उकळली. सगळ्यांना वाढली. माझ्या ताटात मी नुसता भात घेतला आणि वर मीठ. नवऱ्यानं विचारलं, काय गं, आमटी नको?

मी म्हटलं, पोट बिघडलंय. पुढे सात दिवस ते बिघडलेलंच होतं.